२१ दिवसांचा हिशोब, रागाची उशी आणि विचारायला घाबरतो तो प्रश्न

प्रश्न: रोज सकाळी अर्धा तास चालायचं ठरवलं. २१ दिवस सलग केलं की सवय लागते म्हणतात ना. पहिल्यांदा बाराव्या दिवशी ताप आला, परत एकपासून सुरू केलं तर आठव्या दिवशी खाडा, तिसऱ्यांदा १९ दिवस जमलं आणि विसाव्या दिवशी उठवलंच नाही, मग सोडूनच दिलं. कॅलेंडरचा फोटो पाठवतेय. माझ्यात विलपॉवरच नाही का?

उत्तर: फोटो मोठा करून बघितला. प्रत्येक खाड्यानंतर तुम्ही आधीच्या सगळ्या खुणांवर लाल पेनाने काट मारलीये, ते बघून खरंच वाईट वाटलं. काट मारलेल्या खुणा मी मोजल्या, ११ आणि ७ आणि १९, म्हणजे ३७ दिवस चाललात की तुम्ही! ते वाया गेले असं तुम्हाला वाटतंय ते फक्त त्या २१च्या आकड्यामुळे.

हा आकडा आला कुठून ते सांगते. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते, त्यांच्या लक्षात आलं की ऑपरेशननंतर आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला कमीत कमी २१ दिवस तरी जातात, आणि १९६०मध्ये त्यांनी ते पुस्तकात लिहिलं. पुढे एकाने दुसऱ्याला सांगता सांगता ते "कमीत कमी" गळून पडलं आणि चेहऱ्याच्या जागी कुठलीही सवय आली. नंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर १२ आठवडे लक्ष ठेवलं, तो अभ्यास २००९मध्ये आला. नवी गोष्ट अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ पुरले तर कोणाचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला, इतका माणसामाणसात फरक. पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टी लवकर बसतात, व्यायामाला जास्त वेळ लागतो. आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. तेव्हा परत एकपासून मोजू नका, उद्याची खूण ३८वी करा.

प्रश्न: राग आला की उशी बडवायची, राग बाहेर पडतो, असं भाऊ सांगतो. खरंय का?

उत्तर: नाही. ब्रॅड बुशमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००२मध्ये ६०० विद्यार्थ्यांवर हे करून बघितलं. ज्याने डिवचलं त्याचाच विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे जास्त चिडले, नुसते गप्प बसलेले कमी. राग म्हणजे कुकरची वाफ नव्हे. भावाला सांगा, अंग शांत होऊ दे, मग ज्याच्याशी वाजलंय त्याच्याशी बोल.

प्रश्न: मित्र हल्ली "मी नसतो तर सगळ्यांना बरं झालं असतं" असं म्हणतो. आत्महत्येबद्दल थेट विचारावं का? उगाच डोक्यात नसलेलं भरवलं असं व्हायचं. घरचे म्हणतात, बोलून दाखवणारा कधी करत नाही.

उत्तर: अंक हातात पडेपर्यंत थांबायला नको म्हणून यांना आधीच कळवलंय, इथे बाकीच्यांसाठी. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि मला या सगळ्यांत जास्त भीती यांचीच वाटते. विचारल्याने तो विचार डोक्यात जातो असं अभ्यासांमध्ये दिसलेलं नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून खूप जणांना हलकं वाटतं. आणि असं करणारे बरेच जण आधी कुठेतरी बोललेले असतात.

दोघंच असताना, आडपडदा न ठेवता विचारा, "तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?" आणि मग गप्प बसा, त्याला वेळ लागू दे. "असं काय बोलतोस, किती चांगलं चाललंय तुझं" हे तर अजिबात नको, तो पुढचं बोलणारच नाही. कोणाला सांगणार नाही असं वचन देऊ नका. कसं, कधी हेही त्याने ठरवलंय असं कळलं तर त्याला एकटं सोडू नका, घातक वस्तू, गोळ्या जवळ असतील तर त्या तिथून हलवा, आणि त्याच दिवशी त्याच्यासोबत डॉक्टरकडे किंवा इमर्जन्सीला जा. नंतर दोन दिवसांनी पुन्हा फोन करा, परत तोच प्रश्न विचारा.