सक्रिय नागरिकत्व शाळेत शिकवता येतं का?

तुम्ही विचारलंय, नागरिकशास्त्राचे धडे पाठ करून घेण्यापलीकडे मुलांना नागरिक म्हणून काही करायला शिकवता येतं का. येतं. मी 19 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतोय, त्या अनुभवावर सांगतो.

सुरुवात घरपट्टीच्या पावतीपासून करा. सहावीला स्थानिक शासन संस्था शिकवताना मी पोरांना घरची पावती आणायला सांगतो. निम्म्यांना ती सापडतच नाही. आणलेल्या पावत्यांवरचे रकाने फळ्यावर मांडतो: घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य. एका वर्षी मागच्या बाकावरची मुलगी उठली, "सर, आमच्या गल्लीत खांबाला दिवाच नाही. मग दिवाबत्तीचे पैसे कशाचे?"

पाठ तिथेच राहिला. संध्याकाळी मुलांनी खांब मोजले. 11 खांब, चालू दिवे 4. मग अर्ज. पहिल्या मसुद्यात 'कृपा करून' पाच वेळा आलं होतं. मी म्हटलं, कर भरलेल्याची पावती हातात आहे, एवढ्या विनवण्या कशाला? दिवे मोजल्याची तारीख मात्र कुणीच घातली नव्हती, ती घालायला लावली. खाली पालकांच्या सह्या घेतल्या आणि दोन प्रती घेऊन ग्रामपंचायतीत गेलो. "ठेवून जा," असं उत्तर मिळालं. तीच मुलगी हलेना. "पोच पाहिजे." दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि सही पडली तेव्हाच बाहेर आली. माझ्या मते तोंडी परीक्षेत हाच एक प्रश्न ठेवला तरी चालेल: पोच म्हणजे काय?

दिवे लगेच लागले नाहीत. दीड महिन्यानं दोन लागले. मधल्या काळात "पोरांना राजकारण शिकवता का?" हे मला ऐकावं लागलं. म्हणून असं काही करण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घ्या. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिथे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. मास्तर एकटा पडत नाही.

शालेय मंत्रिमंडळ बऱ्याच शाळांत असतं. मोबाईलवर मतदान, बोटाला शाई, सगळी मजा. आणि दुसऱ्या दिवशी स्वच्छतामंत्र्याच्या हातात खराटा! त्यांना एक तरी खरा निर्णय द्या. आम्ही शाळेच्या परसबागेतल्या भाजीतून आलेले पैसे कसे खर्चायचे, ते त्यांच्यावर सोपवलं. त्यांनी कॅरम घेतला. मला पटलं नाही, पण निर्णय त्यांचा होता.

माध्यमिकच्या मुलांना ग्रामसभेला न्या. 15 ऑगस्टला झेंडावंदन झालं की पोरं खाऊ घेऊन घरी पळतात, आणि पुष्कळ गावांत त्याच दिवशी ग्रामसभा असते. सदस्य मतदारच, त्यामुळे मुलांना मत नाही, पण बसून ऐकता येतं. गणपूर्ती, म्हणजे सभा चालायला किमान हजेरी, लागते मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातलं कमी असेल ते. नववीच्या दोघांना मी डोकी मोजायला बसवलं. 41 भरली, सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, हे त्यांना तिथेच कळलं. पुढच्या सभेलाही दोघं वही घेऊन गेले, मी न सांगता. या वेळी डोकी 23.