वाचकांचे प्रश्न: इनकम टॅक्स बंद करून सगळा कर खरेदीवरच लावला तर?

प्रश्न: नमस्कार भाऊ. आमच्याकडं सात एकर कोरडवाहू, कापूस अन् तूर. लहाना भाऊ पुण्यात कंपनीत आहे, पगार 18 लाख. दिवाळीत आला तर म्हणे इनकम टॅक्स बंद करून सगळा कर खरेदीवरच लावला पाहिजे, अमेरिकेत बी तसं चाललं आहे, चोरी बंद होते, शेतकऱ्याचा बी फायदा. मला पटलं बी अन् नाही बी. शेतकऱ्याचा फायदा कसा काय जी?
– एक शेतकरी, दिग्रस तालुका

उत्तर: दादा, तुमच्या लहान्याचा फायदा आहे, त्यात शंकाच नाही. इनकम टॅक्सच्या नव्या पद्धतीत 18 लाखांतून 75 हजारांची सूट गेली की 2025-26 साठी त्याचा कर सेस धरून 1,50,800 रुपये होतो, तो पूर्ण वाचेल. तुमचं काय वाचेल? शेतीच्या उत्पन्नावर इनकम टॅक्स नाहीच, कायद्यातच तसं आहे. म्हणजे जो कर तुम्ही भरतच नाही तो बंद होणार, अन् जो रोज भरता तो वाढणार.

रोज भरता म्हणजे कसं, तर कृषी केंद्रातून फवारणीचं औषध आणता, त्यावर 18 टक्के जीएसटी. खतावर 5, ठिबकवर 5 (हे आधी 12 होतं, 22 सप्टेंबर 2025 पासून कमी झालं, ट्रॅक्टरचं बी तसंच). दुकानदार त्यानं भरलेला जीएसटी पुढच्या विक्रीत वळता करून घेतो, तुम्हाला ते जमत नाही, कारण शेतकऱ्याला जीएसटी नोंदणीच लागत नाही आणि नोंदणी नाही तर हे वळतं करणं (क्रेडिट) बी नाही. भरलेला कर तुमच्याच अंगावर राहतो. कापूस विकताना तो भावात टाकू म्हटलं तर भाव ठरवणारे आपण कोण, 2025-26 ला लांब धाग्याचा हमीभाव 8,110, त्यात बी ओलाव्याच्या नावानं कापतात ते वेगळंच.

आता किती वाढेल ते पाहा. 2025-26 च्या बजेटमध्ये केंद्राच्या प्रत्येक रुपयात इनकम टॅक्सचे 22 पैसे धरले आहेत अन् जीएसटी व इतर करांचे 18. कंपन्यांचे 17 वेगळे, त्यांना हात नाही लावला असं धरू. 22 पैसे गेले तर 18 चे 40 करावे लागतील. औषधावरच्या 18 टक्क्यांत 9 केंद्राचे अन् 9 राज्याचे, त्याच प्रमाणात केंद्राचे 9 चे 20 झाले तर एकूण 29. हजाराच्या औषधावर आज 180 देता, मग 290 द्याल. हा मोटामोटी हिशोब आहे, त्यात महाग झालं म्हणून कोणी खरेदी कमी करणार नाही असं धरलं आहे, अन् लोक तर कमी करतातच.

दुसरं, लहाना 18 लाख कमावतो तर 18 लाख खर्च थोडेच करतो, चार-सहा लाख एसआयपीत (म्युच्युअल फंडातल्या हप्त्यांत) टाकत असेल, त्यावर खरेदीचा कर लागणारच नाही. तुमच्या घरात जे येतं ते किराणा, फी, दवाखाना अन् पुढच्या हंगामात जातं, उरतं किती? त्यामुळं कमाईच्या मानानं जास्त कर तुम्हीच भराल. माझा विरोध आहे तो इथंच.

अमेरिकेत चाललं आहे हे काही खरं नाही. तिथं 'फेअरटॅक्स' नावाचं विधेयक 1999 पासून संसदेत येतं, पास कधीच झालं नाही. त्यात दर 23 टक्के सांगतात पण तो कर धरून होणाऱ्या एकूण किमतीवर मोजलेला, आपल्यासारखा कराआधीच्या किमतीवर लावला तर 30 होतो. मात्र दोन गोष्टी त्यांनी नीट ठेवल्या आहेत, धंद्यासाठी घेतलेल्या मालावर कर नाही, म्हणजे खत-औषध सुटतं, अन् गरजेपुरत्या खर्चावरचा कर दर महिन्याला कुटुंबाला परत. हे दोन्ही आपल्याकडं आधी करून दाखवा, मंग बोलू. परत मिळणारा पैसा बी खात्यातच येईल ना, अन् पीएम किसानचे 2,000 केवायसीपायी अडकले की किती चकरा होतात ते तुम्हाला माहीत आहे.

चोरीचं म्हणाल तर बिनबिलाचा धंदा आपल्या बाजारात रोज दिसतो. कर 18 चा 29 झाला तर "बिल पाहिजे का?" हा प्रश्न वाढेल का कमी होईल, तुम्हीच सांगा.

प्रश्न: तुरीचे पैसे एकदम खात्यात आले तर नोटीस येते का? घरी सौ. शिक्षिका आहेत.
– वाचक, दारव्हा

उत्तर: पैसे आले म्हणून कर लागत नाही, पण विचारलं तर शेतीचेच आहेत हे दाखवावं लागतं. अडत्याची पट्टी, काटापावती अन् सातबारा एका फाइलीत ठेवा, व्हॉट्सॲपवरचा फोटो पुढच्या वर्षी सापडत नाही. अन् सातबारा सौ.च्या बी नावावर असेल तर त्यांचा हिस्सा रिटर्नमध्ये दाखवावा लागतो, शेतीचं उत्पन्न 5,000 च्या वर असलं की आयटीआर-1 हा रिटर्नचा साधा फॉर्म चालत नाही, आयटीआर-2 भरा. त्यावर कर नसला तरी पगारावरच्या कराचा दर ठरवताना ते धरतात.