शॉर्ट सेल, तूट आणि 'परतावा'

न्यू जर्सीतील एका वाचकांनी विचारले आहे की, अमेरिकेत घराची 'शॉर्ट सेल', म्हणजे घरावरच्या कर्जापेक्षा कमी किमतीला बँकेच्या संमतीने विक्री, होताना विकणाऱ्याच्या हाती कधीकधी थोडी रोकड पडते, तिला मराठीत 'परतावा' म्हणावे काय? म्हणू नये. परत मिळते ते मुळात आपले असते. येथे कर्ज ३ लाख डॉलरचे, घराला भाव २ लाख ४० हजारांचा आणि उरलेल्या ६० हजारांवर पाणी सोडायला बँक राजी, असा मामला असल्याने घरमालकाचे म्हणून काही उरलेलेच नसते.

'शॉर्ट सेल म्हणजे झटपट विक्री' हे तर आता ऐकवत नाही. बँकेच्या होकाराची वाट पाहण्यातच या विक्रीचे महिनेच्या महिने जातात. येथे 'शॉर्ट' म्हणजे कर्जाला न पुरणारी किंमत. या इंग्रजी शब्दाचे मूळ 'कापणे' या अर्थाच्या प्राचीन धातूत आहे. त्याच कुळातला संस्कृत धातू 'कृत्', त्याची 'कर्तरी' आणि तिची आपली कात्री! मराठीनेही उणेपणासाठी असाच शब्द घडवला: 'त्रुट्' पासून तुटणे, तुटण्यापासून तूट, आणि ज्याची पुंजी तुटीची तो तुटपुंजा. शॉर्ट सेलमधले घर कर्जापुढे अक्षरशः तुटपुंजे असते. म्हणून 'तुटीची विक्री' हाच शब्द मला नेमका वाटतो.

अर्थविषयक लेखन करणारे काही जाणकार 'तोट्यातील विक्री' लिहितात आणि तूट व तोटा एकाच धातूचे असल्याचा दाखला देतात. धातू एक असेल, पण म्हणून अर्थसंकल्पाला कोणी तोट्याचा म्हणत नाही. तोटा खरेदीच्या किमतीशी ताडून पाहतात, तूट देण्याशी. दीड लाखाला घेतलेल्या घरावर पुढे ३ लाखांचे कर्ज काढून ते २ लाख ४० हजारांना विकले, तर तोटा कोठे आहे? तूट मात्र पुरेपूर आहे.

राहिली ती रोकड. अमेरिकी सरकारच्या २०१० साली सुरू झालेल्या योजनेत, पात्र घरमालकाला घर सोडून जाण्यासाठी ३,००० डॉलर मिळत. अशी रक्कम बँकेच्या संमतीने, व्यवहाराच्या हिशेबपत्रकात नोंदवूनच घ्यावी लागते; खरेदीदाराकडून परभारे घेतलेले पैसे बँकेची फसवणूक ठरतात. नोंदवलेल्या रकमेला औपचारिक लेखनात 'स्थलांतर साहाय्य' म्हणावे, आणि घरात बोलताना 'बिऱ्हाड हलवण्याचा खर्च'.