आंगेरां सातवा द कूसी याची खरी वंशावळ कशी शोधायची?

चौदाव्या शतकातला फ्रेंच सरदार आंगेरां सातवा द कूसी याचा वंश एका ठिकाणी थेट मूळ कूसी घराण्यातल्या, बाराव्या शतकातल्या तोमा द मार्लपर्यंत नेलेला दिसतो, तर दुसरीकडे मध्येच गीन नावाचं घराणं येतं. यातलं खरं कोणतं, आणि आज 'द कूसी' आडनाव लावणारे त्याचे वंशज मानायचे का, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही वंशावळी खऱ्या आहेत. फक्त बापाच्या बापाकडे जात राहिलात तर गीन घराणं लागेल आणि तोमापर्यंत पोचायला मध्ये एका बाईवरून जावं लागेल. त्या काळी फ्रान्समध्ये सरदार आपल्या जहागिरीचं नाव लावत, आणि जहागीर दुसऱ्या घरात गेली की नावही तिच्याबरोबर जाई. त्यामुळे नावाचा माग काढू नका, जमिनीचा काढा. ती कुणाकडून कुणाकडे आणि कोणत्या नात्याने गेली हे कळलं की निम्मी गुंतागुंत सुटते.

कूसीचा किल्ला उत्तर फ्रान्सच्या आजच्या एन जिल्ह्यात, लाँ शहराच्या पश्चिमेला. आंगेरां तिसऱ्याने तेराव्या शतकात तिथे पन्नास मीटरहून उंच बुरूज उभारला होता. 1917 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो सुरुंग लावून उडवला. या तिसऱ्याचा थोरला मुलगा राऊल 1250 मध्ये इजिप्तमधल्या मन्सूराच्या लढाईत पडला आणि जहागीर धाकट्या आंगेरां चौथ्याकडे आली. आपल्या रानात शिकार केली म्हणून तीन तरुणांना फासावर देणारा आणि त्यापायी नवव्या लुई राजापुढे उभा राहावा लागलेला तो हाच. 1311 मध्ये तो निपुत्रिक वारला.

वंशावळीत चूक होते ती या जागी. मूळ घराण्याची वेर्वां इथली धाकटी पाती तेव्हा हयात होती, तीही पुरुषांकडून चालत आलेली. तरी कूसी गेलं बहिणीच्या मुलाकडे, कारण नात्याने तो जवळचा. ही बहीण आलिक्स, गीनचा काउंट आर्नूल तिसरा याची बायको. तिचा मुलगा आंगेरां पाचवा म्हणून कूसीचा धनी झाला. त्याचा मुलगा गियोम, गियोमचा आंगेरां सहावा, आणि सहाव्याच्या पोटी 1340 मध्ये आपला सातवा. पाचव्याची मावशी मारी ही स्कॉटलंडची राणी होती. तो स्वतःही बरीच वर्षं तिकडे होता, लग्नही लिंडसे घराण्यात केलं आणि तिकडच्या कागदांत 'इंग्रॅम द गीन' या नावाने येतो. दोन देशांतले कागद शेजारी ठेवले नाहीत तर एकाच माणसाची दोन माणसं होतात.

आता पुरावे. चर्चने बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवाव्यात ही राजाज्ञा 1539 ची, म्हणजे आपल्या कामाची नाही. त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या वहीत पिढ्या एकाखाली एक सापडतात, तसंही तिथे काही नाही. सगळ्यात भरवशाचे कागद म्हणजे मठांना दिलेल्या जमिनींची दानपत्रं. पुढे वारसांनी भांडण काढू नये म्हणून दात्याची बायको, मुलं, भाऊ यांची संमती नावानिशी लिहून घेतली जाई. आजूबाजूच्या मठांनी अशा दानपत्रांच्या नकला नोंदवह्यांत उतरवून ठेवल्या. एका घराण्याची लागोपाठची दानपत्रं तारखेने लावली की कोण जन्मलं, कोण गेलं, कुणाचं दुसरं लग्न झालं, हे आपोआप दिसू लागतं. मला या सगळ्या शोधातला हाच भाग सर्वांत आवडतो.

तारखांबाबत मात्र जपा. फ्रेंच दरबारी कागदांत वर्ष ईस्टरला बदलत असे. 1 जानेवारीपासून वर्ष धरण्याची आज्ञा 1564 ची. त्यामुळे '1311, फेब्रुवारी' असं लिहिलेला कागद आपल्या हिशोबाने बहुधा 1312 चा असतो.

कागदांवरच्या मोहरा, म्हणजे शिक्केसुद्धा पाहा. कूसीच्या कुलचिन्हात खारीच्या कातड्याचे निळे-पांढरे आणि मधे तांबडे असे आडवे पट्टे आहेत. आंगेरां सातव्याने त्यांच्या जोडीला ऑस्ट्रियाचं चिन्ह घेतलं, कारण त्याची आई कॅथरिन हॅब्सबर्ग घराण्यातली. तिच्या वारशासाठी 1375 मध्ये तो आजच्या स्वित्झर्लंडमध्ये फौज घेऊन उतरला होता. समकालीन लेखक वाचताना मात्र लिहिणारा कोण हे आधी बघा. नोजांचा मठाधिपती गिबेर हा तोमा द मार्लचा कट्टर विरोधक, त्यामुळे तोमाच्या जन्माविषयी त्याने केलेली कुजबुज मी पुरावा म्हणून घेणार नाही.

सुरुवात आंद्रे द्युशेनच्या 1631 च्या ग्रंथापासून करा. त्यात गीन आणि कूसी ही दोन्ही घराणी एकत्र घेतली आहेत, आणि मूळ कागदांचे उतारेही दिले आहेत. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'गालिका' संकेतस्थळावर असे जुने ग्रंथ फुकट वाचता येतात. स्रोत न देणाऱ्या ऑनलाइन वंशवृक्षातली एकही पिढी तपासल्याशिवाय उचलू नका.

राहिला आजच्या 'द कूसीं'चा प्रश्न. नुसत्या आडनावावरून कुणाला वंशज मानू नका. तुर्कांविरुद्धच्या निकोपोलिसच्या लढाईत कैद होऊन 1397 मध्ये बुर्सा इथे आंगेरां वारला तेव्हा त्याला औरस मुलगा नव्हता, मुली होत्या. थोरली मारी हिने 1400 मध्ये कूसी राजाचा भाऊ ऑर्लेआंचा लुई याला विकलं. तिचा मुलगा रोबेर द बार 1415 मध्ये आजँकूरच्या लढाईत मारला गेला. रोबेरची मुलगी जान लक्झेंबर्ग घराण्यात गेली, तिची नात मारी बूर्बों घराण्यात, आणि या मारीचा पणतू म्हणजे फ्रान्सचा राजा चौथा आंरी. आंगेरांचा वंश पुढे चालला तो असा, मुलींकडून, आणि त्यातल्या राजांपैकी कुणीच 'द कूसी' हे नाव लावलं नाही.