पैसा खात नाहीत, तरी पावती खोटी फाडतात

प्रश्न : आमच्या सेवा सहकारी सोसायटीचे सचिव कुणाच्या चहालाही मिंधे नाहीत. तरी दर मार्चअखेर नवं-जुनं होतं. जुनं पीककर्ज रोखीनं भरल्याची पावती फाटते आणि दोन-चार दिवसांत तेवढंच नवं कर्ज नावे पडतं. सरळ माणूस हे का करतो? संचालक म्हणून मी काय करावं?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : सचिवभाऊंना ही लबाडी वाटतच नसावी, मदत वाटते. मुदतीत फेड दिसली तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर व्याज पडत नाही, पेरणीला नवं कर्जही उभं राहतं. कापूस घरात पडून आहे, भाव नाही. मग पावती फाडली तर बिघडलं कुठं? त्यातून गावात बेइमान तो, जो पैसे खातो. खोटा कागद लिहिणारा त्यात धरला जात नाही.

दुसरं कारण कामाच्या वाटणीत आहे. सचिव पावती लिहितात, अध्यक्ष सही करतात, बँकेचे निरीक्षक वसुलीचा टक्का वर कळवतात, लेखापरीक्षक पावतीशी किर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, जुळते का ते बघतात. किर्द जुळतेच! प्रत्येकानं आपापलं काम केलं, खोटं मात्र कुणाच्याच वाट्याला आलं नाही.

आणि वरून विचारतात तो फक्त टक्का. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावानं खाती उघडली गेली. २०१६ मध्ये तिला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, सुमारे ५,३०० कर्मचारी काढले गेले. एवढे चोर एकाच बँकेत भरती झाले नसणार. खाली उद्दिष्टाचा रेटा होता. घाईचंही तसंच. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रिन्स्टनच्या प्रयोगात धर्मशास्त्राचे विद्यार्थी वाटेत कण्हत बसलेल्या माणसाला मदत करतात का, ते पाहिलं. हाताशी वेळ असलेल्यांपैकी ६३ टक्क्यांनी केली. उशीर झालाय असं सांगितलेल्यांपैकी १० टक्क्यांनी. ३१ मार्चची संध्याकाळ आठवा.

म्हणून नीतीवर व्याख्यान ठेवू नका. टाळ्या सगळेच वाजवतील.

त्यापेक्षा १५ मार्च ते १५ एप्रिलची रोकड किर्द आणि कर्ज खतावणी, म्हणजे खातेवार कर्जाची वही, शेजारी ठेवा. एकाच खात्यावर आठवड्याच्या आत फेड आणि जवळपास तेवढीच उचल दिसली की खूण करा. मग रोख भरणा बँकेत गेल्याचं चलन मागा. चलन नसेल तर फेड कागदावरच झाली. चलन असेल तर कर्जदाराला विचारा, पैसा कुठून आणला; दोन-चार दिवसांसाठी सावकाराकडून आणला असेल तर नोंद खरी, पण बिनव्याजी कर्जाचं व्याज त्यानं सावकाराला मोजलेलं असतं.

सचिवांशी एकट्यात बोला आणि नुकसान दाखवा. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्तीत ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकीत असलेलं दोन लाखांपर्यंतचं पीककर्ज माफ झालं. त्या मार्चमध्ये ज्याचं नवं-जुनं झालं, त्याचं कर्ज सप्टेंबरमध्ये थकीत दिसत नाही. तो बाहेर राहतो. पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, ५० पैशांच्या आत आली आणि शासनानं सवलत जाहीर केली, तर कर्जाच्या रूपांतरणाची, म्हणजे फेडीला जास्त मुदत मिळण्याची, सरळ वाट असते. पण कागदावर फेडलेल्या कर्जाचं रूपांतरण कशाचं करणार?

सभेत ठराव मांडा : वसुलीच्या तक्त्यात आणखी एक रकाना हवा, ‘त्याच सभासदाला ३० दिवसांत दिलेलं कर्ज’. हा आकडा टक्क्याशेजारी आला की टक्क्याची शेखी उतरते. ठराव पडला तर तुमचा विरोध इतिवृत्तात शब्दशः लिहून घ्या आणि प्रत जवळ ठेवा. सहकार कायद्याच्या कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी ठरवायची वेळ आली, तर ‘मी तोंडी बोललो होतो’ याला तिथं किंमत नसते.