माणूस समोर असतो, तरी त्याची आठवण येते

प्रश्न : आईला अल्झायमर आहे. रोज संध्याकाळी ती पिशवी भरते आणि 'मला घरी सोड' म्हणते. चाळीस वर्षं ती याच घरात राहतेय! मी समजावतो, जुने फोटो दाखवतो, शेवटी ओरडतो. मग रात्रभर स्वतःची लाज वाटते.

अल्झायमरचा घाला आधी पडतो तो मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागावर. नव्या आठवणी तिथे नोंदल्या जातात. म्हणून तुम्ही दिलेला पुरावा पाच मिनिटांत पुसला जातो, पण आवाजातला राग मागे उरतो. कशाने ते कळत नाही, तरी त्या घाबरलेल्या राहतात. तेव्हा पटवून देणं सोडा. 'घरी कोण कोण आहे गं?' असं विचारा आणि ऐकत बसा. त्या मागतात ते घर बहुतेक वेळा पत्त्याचं नसतंच, निर्धास्त वाटण्याचं असतं. पिशवी हिसकावून घेऊ नका. शेजारी बसून तिच्यातल्या कपड्यांच्या घड्या घालायला लागा, बऱ्याचदा त्यांचेही हात तुमच्याबरोबर चालू लागतात. दिवस मावळताना ही तगमग वाढते, म्हणून अंधारायच्या आधीच दिवे लावा.

मात्र हा गोंधळ एक-दोन दिवसांत एकदम वाढला, तर 'आजारच बळावला' असं धरून चालू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता किंवा नवीन औषध हेही कारण असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आणि ओरडलात, तर जवळ जाऊन 'चुकलं माझं' म्हणा. शब्द त्यांच्या लक्षात राहणार नाहीत, पण हातात घेतलेला हात त्यांना कळतो.

प्रश्न : यांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होऊन सहा वर्षं झाली. समोर बसलेले असतात आणि मला त्यांचीच आठवण येते. जिवंत माणसासाठी रडणं अभद्र वाटतं.

ताई, यात अभद्र काहीच नाही. अमेरिकेतल्या संशोधक पॉलीन बॉस यांनी 1970च्या दशकात या दुःखाला 'ॲम्बिग्युअस लॉस' असं नाव दिलं. आपण त्याला संदिग्ध वियोग म्हणू. माणूस देहाने आहे, पण ज्याच्याशी संसार केला तो हाती लागत नाही. मृत्यूनंतर लोक भेटायला येतात, रडायला मोकळीक असते. तुमच्या वाट्याला मात्र 'तब्येत तर छान दिसते की' हे वाक्य येतं. ते किती बोचतं, हे मी समुपदेशनाच्या खोलीत पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

हा वियोग हप्त्याहप्त्याने येतो. आधी गप्पा जातात, मग थट्टामस्करी, मग एक दिवस तुमचं नाव. जे गेलं त्याच्यासाठी त्या त्या वेळी रडा. 'ते आहेत की नाहीत' याचा निकाल लावायची गरज नाही. ते आहेतही आणि नाहीतही. आज त्यांनी तुमच्या बांगडीशी चाळा केला, तर तो क्षण घ्या. संध्याकाळी जुना फोटो बघून डोळे भरले, तर भरू द्या.

प्रश्न : बाबा मला ओळखत नाहीत. भेटायला जाऊन काय उपयोग?

जा. 'मी कोण, ओळखा' अशी परीक्षा मात्र घेऊ नका. दारातूनच 'बाबा, मी तुमची लेक' असं सांगा. भेट विसरली गेली तरी भेटीतलं बरं वाटणं काही काळ टिकतं. तुम्हाला तिथून निघताना फारच त्रास होत असेल, तर अर्धा तासच थांबा.

प्रश्न : कधी कधी मनात येतं, हे आता संपावं. मी इतकी वाईट आहे का?

नाही. वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या अनेकांच्या मनात हे येतं; बोलून फार थोडे दाखवतात. तुम्हाला बहुधा त्यांचे हाल संपायला हवे आहेत, आणि तुमचा शीणही. पण स्वतःला किंवा त्यांना इजा करण्याचा विचार डोकावला, तर आजच डॉक्टरांना सांगा, एकट्या राहू नका.

एरवीही मदत मागाच, आणि नेमकी मागा. 'जरा लक्ष द्या' म्हटलं की कोणी हलत नाही. 'मंगळवारी तीन ते सहा तू बसशील का?' असं भावाला विचारा. त्या तीन तासांत घरातली कामं उरकू नका. झोपा.