जामीनदार आहात, तर भागीदारही व्हा

वाचकाचे पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ४२ वर्षांची आहे. कोल्हापुरात आमचे पडदे, सोफ्याचे कापड, गाद्या आणि चादरींचे दुकान आहे. एका मोठ्या कंपनीची ही फ्रँचायझी आम्ही साडेचार वर्षांपूर्वी घेतली. करार, जीएसटी, बँकेचे खाते, सगळे ह्यांच्या नावावर आहे. लग्नाआधी मी वस्त्ररचनेची पदविका घेतली होती, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन माप घेणे, कापड सुचवणे आणि शिलाईवाल्याकडून काम करून घेणे माझ्याकडे असते. गल्ला आणि कंपनीशी बोलणे ह्यांच्याकडे. मला पगार नाही.

दिवाळीच्या आधी एका घराच्या दहा फुटी बाल्कनीच्या दरवाजाला मी पाच पडदे सांगितले होते. गिऱ्हाईक किमतीवर अडले, तेव्हा ह्यांनी माझ्यादेखत तीन पडद्यांत काम होईल असे सांगून टाकले. पडदे लागले ते अगदी सपाट. गिऱ्हाईक भांडायला आले, तेव्हा तिन्ही कामगारांसमोर हे म्हणाले, "बायकोने माप चुकवले." तेव्हापासून आमच्यात कामापुरतेच बोलणे आहे. मीही एकदोनदा ह्यांनी कबूल केलेली सूट गिऱ्हाइकासमोर नाकारली आहे, हे खरे.

दुकान काढताना मी कर्जाला जामीन राहिले आणि माझे दागिने गहाण ठेवले. ते अजून सुटलेले नाहीत. आता मार्चमध्ये करार संपतो. नूतनीकरणासाठी आणखी कर्ज काढायचे म्हणून हे पुन्हा सही मागत आहेत. जुना करार मी कधी वाचलेला नाही. सासूबाई म्हणतात, दुकानात जाणे सोड, घरात शांतता राहील. हे स्वभावाने वाईट नाहीत, कधी हात उगारलेला नाही. संसार टिकवण्यासाठी मी दुकान सोडावे का? निदान चार दिवस माहेरी जावे का?

– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर

प्रिय भगिनी,

सप्रेम नमस्कार. दुकान सोडावे का, असे तुम्ही विचारता. पण तुमचे पत्र वाचून मला असे वाटते की ज्या दुकानात तुम्ही साडेचार वर्षे उभ्या आहात, त्यात कागदोपत्री तुम्ही अजून शिरलेल्याच नाहीत. करार, खाते आणि नफा यजमानांच्या नावावर आहे, माप आणि शिलाईची जबाबदारी तुमच्यावर आहे, आणि कर्ज थकले तर फेडण्याची वेळ मात्र दोघांवर येणार आहे. म्हणून माझे उत्तर असे आहे की आत्ता दुकान सोडू नका, आणि नव्या कर्जाच्या कागदावर सहीही करू नका. आधी त्या दुकानातले तुमचे स्थान लेखी ठरू द्या. सोडायचे की राहायचे, हे त्यानंतर तुम्हाला मोकळ्या मनाने ठरवता येईल.

प्रथम त्या पडद्यांविषयी, कारण तुमचे दुःख तिथे अडकलेले आहे. दहा फूट म्हणजे १२० इंच. रिंगांच्या पडद्याला चुण्या नीट पडायच्या असतील, तर दाराच्या रुंदीच्या साधारण दुप्पट कापड लागते, म्हणजे २४० इंच; आणि पडद्याच्या कापडाचा नेहमीचा पन्हा, म्हणजे रुंदी, ४८ इंचांचा धरला, तर बरोबर पाच पन्हे, म्हणजे पाच पडदे होतात. तीन पन्ह्यांत १४४ इंच कापड मिळते, आणि तेवढ्यात पडदा दार झाकतो, पण चुण्या पडत नाहीत. तुमचे माप बरोबर होते आणि तुमचा सल्लाही बरोबर होता. चूक झाली ती विक्री हातची जाऊ नये म्हणून घाईने घेतलेल्या निर्णयात, आणि तो निर्णय तुमच्या यजमानांचा होता. त्याचा दोष तुमच्यावर आला, तोही ज्या तीन माणसांकडून तुम्हाला रोज काम करून घ्यायचे आहे त्यांच्यासमोर आला. उद्या फिटिंगवाला तुमच्या मापावर शंका घेऊ लागला, तर दुकानाचेही नुकसान आहे. म्हणून एक गोष्ट तुम्ही यजमानांकडे स्पष्टपणे मागावी: त्याच तीन कामगारांना त्यांनी एका वाक्यात सांगावे की वहिनींचे माप बरोबर होते, पडदे मी कमी केले. खोलीचे दार लावून एकट्यात मागितलेल्या माफीने हे काम होणार नाही.

आता त्यांची बाजू, कारण तीही मला दिसते. फ्रँचायझी चालवणारा माणूस दोन्ही बाजूंनी बांधलेला असतो. एकीकडे कंपनीने ठरवून दिलेली खरेदी, न खपलेला माल परत घेण्याविषयीच्या तिच्या अटी आणि वेळोवेळी येणाऱ्या सवलतींच्या योजना असतात. दुसरीकडे जागेचे भाडे, कामगारांचे पगार आणि बँकेचा हप्ता असतो. गणपतीपासून दिवाळीपर्यंतचे दिवस हातचे गेले, तर ते पुढच्या लग्नसराईत भरून निघतीलच असे नाही. अशा वेळी काउंटरवरून परत निघालेले गिऱ्हाईक त्यांना किती मोठे दिसत असेल, याची कल्पना करून पाहा. तुमच्या पत्रात मापाचे इंच आहेत, पण कंपनीचे उद्दिष्ट किती, पडून राहिलेला माल किती, महिन्याचा नफा किती, यांपैकी एकही आकडा नाही. मला वाटते, हे आकडे तुम्हाला कुणी सांगितलेलेच नाहीत. त्यांची भीती तुम्हाला ठाऊक नाही आणि तुमची विद्या ते हिशोबात धरत नाहीत, आणि मग तुम्ही दोघे गिऱ्हाइकासमोर एकमेकांना खोडून काढता. तुम्हीही त्यांनी दिलेली सूट नाकारली होती, हे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिले आहे. त्या वेळी त्यांनाही असाच कमीपणा वाटला असेल, आणि बोलणे सुरू करताना तुम्ही ते आधी कबूल केलेत, तर पुढचे बोलणे सोपे जाईल.

सहीचा प्रश्न मात्र केवळ मनधरणीने सुटणारा नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार, करारात वेगळे काही ठरलेले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराएवढीच असते. बँकेला आधी तुमच्या यजमानांकडून वसुली करून पाहण्याचे बंधन नसते. ती थेट तुमच्याकडे येऊ शकते. थोडक्यात, तोट्यात तुमचा वाटा आजच पूर्ण आहे, फक्त नफ्यात आणि निर्णयात तो नाही. बायकोची सही ही घरातली औपचारिकता आहे, असे समजून आपल्याकडे असंख्य स्त्रिया असे कागद न वाचता पुढे सरकवतात, आणि त्यांना तसे करायला लावणारी माणसे बहुतेक वेळा वाईट नसतात. पण म्हणून त्या कागदाचे वजन कमी होत नाही.

दागिन्यांचेही तसेच आहे. स्त्रीधनावर पत्नीचा संपूर्ण हक्क असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली स्पष्ट केले आणि २०२४ साली पुन्हा सांगितले की अडचणीच्या वेळी पतीने ते वापरले, तरी परत करण्याचे नैतिक बंधन त्याच्यावर राहते. हे मी तुम्हाला कोर्टात जाण्यासाठी सांगत नाही. दागिन्यांवर उभी केलेली रक्कम दुकानाच्या वहीत तुमच्या नावाने दाखवली जावी, एवढ्यासाठी सांगते. आज ती बहुधा कुठेच दिसत नसेल.

यावर मला सर्वांत योग्य वाटणारा मार्ग म्हणजे दोघांची भागीदारी. १९३२ च्या भागीदारी कायद्यात दोन गोष्टी अशा आहेत, ज्या नवरा-बायकोंनी आवर्जून लक्षात ठेवाव्यात: भागीदारांनी वेगळे ठरवले नसेल, तर नफा-तोटा समान वाटला जातो, आणि वेगळे ठरवले नसेल, तर भागीदाराला कामाबद्दल मोबदला मागता येत नाही. म्हणून तुमचा वाटा किती, महिन्याचे मानधन किती, दागिन्यांची रक्कम भांडवल धरायची की कर्ज, बँकेच्या खात्यावर सह्या कोणाच्या आणि किती रकमेपर्यंत एकट्याच्या, हे सारे भागीदारीच्या करारात लिहून घ्या आणि भागीदारीची नोंदणीही करा; नोंदणी सक्तीची नसली, तरी नोंदणी नसलेल्या संस्थेला कराराच्या आधारे आपले येणे वसूल करण्यासाठी दावा लावता येत नाही. साध्या भागीदारीत दोघांवरही वैयक्तिक जबाबदारी येते, ती मर्यादित ठेवायची असेल, तर २००८ च्या कायद्याखालील मर्यादित दायित्वाच्या भागीदारीचा पर्याय सनदी लेखापालांना विचारा. अर्थात बँकेला दिलेला वैयक्तिक जामीन त्यातही सुटत नाही. यजमान कदाचित म्हणतील की त्यापेक्षा तुला पगार लावतो. तो मार्ग सोपा दिसतो, पण नवऱ्याच्या व्यवसायातून मिळालेला पगार करासाठी नवऱ्याच्या उत्पन्नात धरला जाऊ शकतो. पत्नीचे तांत्रिक किंवा व्यावसायिक शिक्षण असेल आणि पगार त्या ज्ञानाबद्दलच मिळत असेल, तर त्यातून सवलत आहे. तुमची पदविका इथे उपयोगी पडू शकेल, म्हणून तिचे प्रमाणपत्र शोधून ठेवा. तरीही केवळ पगारावर मी समाधान मानणार नाही. जामीन राहणाऱ्या व्यक्तीला निर्णयात हक्क हवा.

हे सगळे मार्चच्या आत व्हायचे असेल, तर वेळ थोडा आहे. एकट्याच्या मालकीचे दुकान भागीदारीचे झाले, की पॅन बदलतो, त्यामुळे जीएसटीची नोंदणी नवी घ्यावी लागते, बँकेचे खाते नवे लागते आणि शिल्लक माल नव्या नावावर न्यावा लागतो. अशा बदलाला फ्रँचायझी देणाऱ्या कंपनीची लेखी संमतीही बहुतेक करारांत आवश्यक असते. नूतनीकरणाची बोलणी चालू असतानाच ती मागितलेली बरी, कारण एकदा पुढच्या काही वर्षांचा करार एका नावावर झाला, की मधेच तो बदलून द्यायला कंपनी फारशी उत्सुक नसते.

आणि तो करार वाचा. भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. तुमचे आणि कंपनीचे नाते मुख्यतः त्या कागदावर जे लिहिले आहे आणि करार कायदा जे सांगतो, त्यावर चालते. किमान खरेदी किती, पडून राहिलेल्या मालाचे काय, अनामत रक्कम केव्हा आणि कोणत्या कपातीनंतर परत मिळते, नूतनीकरणाच्या वेळी दुकानाची सजावट स्वखर्चाने बदलावी लागते का, दुसरा माल ठेवता येतो का, हे दोघांनी शेजारी बसून वाचा. दुसऱ्या मालाचा मुद्दा मी मुद्दाम सांगते. कोल्हापूरपासून इचलकरंजी आणि सोलापूर दूर नाहीत; सोलापुरी चादरी आणि टॉवेल मागणारी गिऱ्हाइके तुमच्याकडे येत असतील, आणि करार आड येत असेल, तर ती परत जात असतील. असे किती गिऱ्हाईक परत जाते, हे बोलणीच्या वेळी कंपनीसमोर ठेवण्यासारखे आहे. कदाचित सगळे आकडे पाहिल्यावर तुम्हा दोघांच्याही लक्षात येईल की नूतनीकरण करूच नये. तेही दोघांनी मिळून ठरवलेले असले, तर मला त्यात वाईट काही दिसत नाही.

काउंटरवरच्या वागण्याचा नियम मी एकच सुचवीन, कारण जास्त नियम गर्दीत पाळले जात नाहीत. गिऱ्हाइकाचे माप ज्याने घेतले, त्या कामात पडदे लागेपर्यंत शब्द त्याचाच. तुम्ही पाच पडदे सांगितले असतील आणि गिऱ्हाईक किमतीवर अडले असेल, तर यजमानांनी ते तुमच्याकडे पाठवावे आणि तुम्ही हलक्या किमतीचे कापड दाखवावे. पडद्यांची संख्या कमी करून किंमत उतरवू नये. सूट किती टक्क्यांपर्यंत कोणी एकट्याने द्यायची, हे आधीच ठरवा आणि दिलेली सूट दुसऱ्याने गिऱ्हाइकासमोर मोडू नये. हा नियम तुम्हालाही तितकाच लागू आहे.

हे बोलायचे केव्हा, हेही महत्त्वाचे आहे. रात्री गल्ला मोजून दमलेल्या माणसापुढे हा विषय काढू नका, आणि जेवताना सासूबाईंसमोर तर नकोच. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराईची गडबड सुरू होईल. त्याआधी एखाद्या सकाळी दुकान दोन तास उशिरा उघडायचे ठरवा. "मला सही देण्याची इच्छा आहे, पण मी ती भागीदार म्हणून देईन," असे शांतपणे सांगा. ते पहिल्या वेळी चिडतील, कदाचित तुमच्या विश्वासावर प्रश्न उभा करतील. तेव्हा साडेचार वर्षांपूर्वी तुम्ही दागिने काढून दिले, त्या विश्वासाची त्यांना आठवण द्या. त्यानंतरही त्यांनी हिशोब दाखवायला नकार दिला आणि फक्त सही मागितली, तर सही देऊ नका आणि दुकानातून बाहेर पडा. त्या वेळी तुम्ही संसार मोडत आहात, असे कुणी म्हटले, तर ते खरे नसेल. मापे घेण्याचे आणि पडदे शिवून देण्याचे काम तुम्हाला स्वतंत्रपणेही करता येते. ते तुम्ही आजही करतच आहात. फक्त त्याआधी, दुकान सोडल्यावर तसाच व्यवसाय करण्याविषयी जुन्या करारात काय लिहिले आहे, ते वकिलाला दाखवा.

सासूबाईंचा हेतू चांगला असेल, पण त्या सांगतात ती शांतता तुम्हाला मानवेल असे मला वाटत नाही. घरी बसलात, तरी जामीन तुमचा राहील, दागिने गहाणच राहतील, आणि दुकानात काय चालले आहे हे मात्र तुम्हाला कळेनासे होईल.

माहेरी जरूर जा. दमला आहात, हे पत्राच्या ओळीओळीत दिसते. मात्र रुसून जाऊ नका. कोणत्या दिवशी जाणार आणि कोणत्या दिवशी परतणार, हे सांगून जा, चालू कामांच्या मापांची वही यजमानांच्या हाती द्या आणि फिटिंगवाल्याला त्या दिवसांत त्यांनाच विचारायला सांगा. कराराची एक प्रत सोबत घ्या आणि तिथे निवांत वाचा.

तुमची,
ताई